पत्रकावर ‘रोम’, जहाज मात्र चिवितावेक्कियाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत क्रूझच्या प्रवाशांना एका दिवसात रोम कसं ‘उरकायचं’ हे सांगणारा मजकूर वाचला आणि राहवलं नाही. मी ३६ वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. यजमानांची बायपास झालेली आहे. मुलांनी हौसेनं आम्हाला भूमध्य समुद्रातल्या दोन सफरी घडवल्या. पहिल्या सफरीत त्या मजकुरात आहे नेमकं तसंच आम्ही केलं. दुसरीत नाही केलं. दोन्ही दिवस मला जसेच्या तसे आठवतात, म्हणून लिहिते.

कार्यक्रमपत्रकावर ‘दिवस तिसरा : रोम’ एवढंच छापलेलं होतं. सकाळी डेकवर आले तर समोर क्रेन, गोदामं आणि एक जुना किल्ला. हे चिवितावेक्किया. रोम तिथून रस्त्यानं सुमारे ८० किलोमीटर. जहाज सातला लागलं, परत चढण्याची शेवटची वेळ साडेसहा. ऐकायला साडेअकरा तास वाटतात. पण उतरायची रांग, बंदराच्या फाटकापर्यंतची बस, गाडीची वाट पाहणं, जाऊन-येऊन तीन तास आणि परतताना हाताशी ठेवायचा तास-दीड तास वजा करा, म्हणजे काय उरतं ते कळेल. उरलेल्या वेळात गाडीवाल्यानं आम्हाला सहा ठिकाणं दाखवायची होती. कलोसियम आम्ही बाहेरून पाहिलं. त्रेवीच्या कारंज्यापाशी माणसांच्या पाठी पाहिल्या. यजमानांची दुपारी एकची गोळी मी साडेतीनला दिली, कारण औषधांची पिशवी गाडीत आणि गाडी कुठंतरी लांब उभी. हे माझ्याकडून झालं, जिनं आयुष्यभर वॉर्डात दुसऱ्यांची औषधं घड्याळ लावून दिली.

परतीच्या रस्त्यावर वाहनं तुंबली. तासभर मी यजमानांच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते. नाडी ११८. आम्ही शिडीशी पोचलो तेव्हा बारा मिनिटं उरली होती. ते माझ्या खांद्याला धरून वर चढले आणि त्या रात्री जेवले नाहीत. मुलांना फोनवर मी ‘रोम छान होतं’ असं सांगितलं, तेही मला अजून टोचतं.

जहाज खरंच निघून जातं का, असं लोक विचारतात. जातं. मार्च २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या साओ टोमे बेटावर स्वतंत्र सहलीला गेलेले आठ प्रवासी उशिरा परतले. जहाज समोर नांगरलेलं दिसत होतं, तरी त्यांना वर घेतलं नाही. अनेक देश ओलांडत अखेर सेनेगलमध्ये त्यांनी जहाज गाठलं. जहाजानंच आखलेल्या सहलीची गाडी अडकली तर सहसा जहाज थांबतं किंवा पुढची सोय करतं. स्वतःच्या गाडीनं गेलात तर ती हमी नाही. लांब जायचंच असेल, तर माझं मत जहाजाच्या सहलीच्या बाजूनं आहे.

पण जहाजानं विकलेली सहल म्हणजे डोळे मिटून सुरक्षित, असंही कुणी समजू नये. ९ डिसेंबर २०१९ ला न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा बेटावर ४७ माणसं होती. त्यांतली बहुतेक एका क्रूझ जहाजावरून आलेली होती. २२ जण गेले. आपण नेमके कुठं चाललो आहोत आणि तिथं धोका कोणता, हे ज्यानं त्यानं उतरण्याआधी विचारायलाच हवं.

दुसऱ्या सफरीआधी मी नकाशा घेऊन बसले. ‘पॅरिस’ म्हणतात ते ल हाव्र बंदर पॅरिसपासून २०० किलोमीटरच्या आसपास आहे. ‘बर्लिन’ म्हणजे वार्नेम्युंडे, तेही दोनशेच्या वर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. उलट माल्टाचं व्हालेटा, माँटेनेग्रोचं कोटोर आणि ग्रीसचं ऱ्होड्स इथं जहाजातून उतरलं की जुनं शहर चालत गाठता येतं. आम्ही व्हालेटा आणि कोटोर असलेली सफर निवडली.

व्हालेटाला घाई करणारे सगळे उतरून गेले, मग आम्ही निघालो. धक्क्यापासून थोडं चाललं की बराक्का लिफ्ट लागते. ५८ मीटर उंचीची ही लिफ्ट २०१२ मध्ये सुरू झाली. १९०५ पासून तिथं एक जुनी लिफ्ट होती, ती पुढे पाडली. गुडघेदुखी आणि हृदयविकार असलेल्या माणसांना त्या लिफ्टचं मोल विचारा. वर बाग, सावली, बाकं आणि खाली अख्खं बंदर. आमचं जहाज समोर उभं, आमच्या मजल्यावरच्या खिडक्यासुद्धा मोजता येत होत्या. आपलं जहाज डोळ्यांपुढं असलं की मनातलं घड्याळ थांबतं, हे मला तिथं कळलं. बाराला बागेखालच्या तोफखान्यातून तोफ उडाली. यजमान पुढचा अर्धा तास शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी खुणांनी त्या तोफेवर बोलत होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

नंतर सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये आम्ही एकच चित्र पाहायचं ठरवलं. काराव्हाज्जोनं १६०८ मध्ये काढलेलं संत जॉनच्या शिरच्छेदाचं ते प्रचंड चित्र. त्याची सही असलेलं हे एकमेव चित्र, आणि ती सही रंगवलेल्या रक्तातून ओढलेली आहे. वीस मिनिटं आम्ही त्याच्यासमोर होतो. तिथली जमीन संगमरवरी थडग्यांची आहे, ती जपण्यासाठी टोकदार टाचांची पादत्राणं चालत नाहीत. माझ्या साध्या सपाट बुटांना कुणी हरकत घेतली नाही. गोळी एकला दिली. तीनला जहाजावर परत.

कोटोरला तर वेशीचा दरवाजा धक्क्यासमोरच. यजमान चौकात सावलीत बसले आणि मी तटबंदीच्या पायऱ्या चढले. वरच्या किल्ल्यापर्यंत १३५० पायऱ्या आहेत असं सांगतात, मी मधल्या चर्चपर्यंतच गेले. अकराला खाली भेटायचं ठरलं होतं, पावणेअकराला भेटलो.

सँटोरिनीबद्दल थोडंच लिहिते. तिथं जहाज समुद्रात नांगरतं आणि लहान बोटीनं उतरवतं. वर गावात जायला केबल कार, नाहीतर पाचशेच्या वर पायऱ्या, ज्यांवरून गाढवंही चालतात. संध्याकाळी केबल कारची रांग भयंकर असते. पाय अधू असलेल्यानं दुपारीच खाली यावं.

आता उतरताना मी काय करते ते सांगते. एका कागदावर जहाजाचं नाव, धक्का, चढण्याची शेवटची वेळ आणि बंदरातल्या एजंटचा फोन लिहून एकेक चिठ्ठी दोघांच्या खिशात ठेवते. हा फोन जहाजाच्या रोजच्या पत्रकात बहुधा छापलेला असतो. मोबाइल बंद पडला तरी कागद बंद पडत नाही. पासपोर्टची प्रत वेगळी. औषधं त्या दिवसाची नव्हे, दोन दिवसांची, आणि ती अंगावरच्या पिशवीत. मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावते, कारण मोबाइल आपोआप किनाऱ्याची वेळ धरतो आणि काही जहाजं आपली वेळ बदलत नाहीत. इटलीहून ग्रीसला जाताना असा एक तासाचा फरक पडतो. रस्ता ओलांडण्याचंही तसंच. माल्टात वाहनं डावीकडून चालतात, इटलीत आणि ग्रीसमध्ये उजवीकडून. नजर सवयीनं चुकीच्या दिशेला जाते, म्हणून मी दोन्हीकडे बघितल्याशिवाय यजमानांचा हात सोडत नाही.

माझी विनंती सहल कंपन्यांना आहे आणि आपल्या पुरवणीलाही. पत्रकात शहराच्या नावाआधी बंदराचं नाव छापा. शेजारी अंतर लिहा, धक्क्यावर उतरायचं की लहान बोटीनं ते लिहा, चढण्याची वेळ कोणत्या घड्याळाची तेही लिहा. चार ओळींचं काम आहे. आईवडिलांसाठी पैसे भरणाऱ्या मुलांनी त्या चार ओळी मागून घ्याव्यात. आमच्या मुलांनी मागितल्या नव्हत्या. त्यांचा दोष नाही, त्यांना ‘रोम’ दिसलं.

पुढच्या वर्षी ऱ्होड्सला जायचं मनात आहे. हेच चार प्रश्न मी कंपनीला लेखी पाठवले आहेत. तीन प्रश्नांची उत्तरं आली. घड्याळाचं अजून यायचं आहे, ते आल्याशिवाय मी पैसे भरणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका