समुद्रातील भूकंप : नुसता आकडा पुरेसा नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

समुद्रात कुठेही मोठा भूकंप झाला की दुसऱ्या दिवशी त्याच्या तीव्रतेचा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो, सोबत बहुधा जपानमधील २०११ सालच्या त्सुनामी लाटेचे जुनेच छायाचित्र असते, आणि भूकंप किती खोलीवर झाला, समुद्रतळ वर उचलला गेला की नाही, ही खरी महत्त्वाची माहिती शेवटच्या परिच्छेदात सापडली तर सापडते. दिंडोरी, पेठ, सुरगाणा किंवा कळवण भागात सौम्य धक्का जाणवला, तर हीच वृत्तपत्रे नाशिकच्या ‘मेरी’तील (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील) नोंदींच्या आधारे केंद्रबिंदू शहरापासून किती किलोमीटरवर होता, हे आवर्जून देतात. ही शिस्त समुद्रातील भूकंपांबाबतही पाळावी, एवढ्यासाठी हे पत्र.

३० जुलै २०२५ रोजी रशियाच्या कामचात्का द्वीपकल्पाजवळ झालेल्या भूकंपाची तीव्रता सुरुवातीला ८.० सांगितली गेली, नंतर ती ८.७ आणि अखेर ८.८ झाली. या पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांत मुक्त झालेल्या ऊर्जेचा फरक जवळपास सोळा पटींचा आहे. म्हणजे पहिल्या तासातला आकडा प्राथमिक असतो, हे वाचकाला तिथल्या तिथे सांगायला हवे. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘कोकणात गेलेल्यांना ताबडतोब परत बोलवा’ असा संदेश फिरत होता. त्याखाली ना वेळ होती, ना कोणत्या संस्थेचे नाव. भारताच्या किनाऱ्याला धोका नसल्याचे हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ने, म्हणजे आपल्याकडे त्सुनामीचे इशारे देण्याची जबाबदारी असलेल्या संस्थेने, तोवर जाहीर केले होते, पण ती ओळ गटावर कोणी टाकली नाही.

केवळ तीव्रतेवरून परिणामांचा अंदाज बांधता येत नाही, याची उदाहरणे भरपूर आहेत. २४ मे २०१३ रोजी कामचात्काच्याच पश्चिमेला, ओखोत्स्क समुद्राखाली ८.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तो सुमारे ६०० किलोमीटर खोल असल्याने त्याची कंपने मॉस्कोपर्यंत जाणवली, परंतु विध्वंसक लाट उठली नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा धक्का बसला, चेन्नईत लोक इमारतींबाहेर धावले, हिंदी महासागराभोवतालच्या देशांत इशारे दिले गेले. पण तेथे खडकांचे थर एकमेकांना घासून आडवे सरकले, समुद्रतळ फारसा वर-खाली झाला नाही, म्हणून पाणीही फारसे हलले नाही. याउलट २६ डिसेंबर २००४ रोजी त्याच सुमात्राजवळ पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली सरकताना शेकडो किलोमीटर लांबीचा समुद्रतळ उसळला आणि दोन लाखांहून अधिक माणसे गेली. त्या लाटा भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून केरळच्या किनाऱ्यावरही आदळल्या, तेव्हा पश्चिम किनारा आडोशाला आहे, हा समज धरून चालणे बरे नव्हे.

आपल्यासाठी तर पाकिस्तान-इराणचा मकरान किनारा अधिक जवळचा. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तेथे समुद्रात झालेल्या सुमारे ८.१ तीव्रतेच्या भूकंपाची लाट काही तासांनी मुंबईपर्यंत पोहोचली आणि येथेही माणसे दगावली. नाशिक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने अशी लाट आपल्या दारी येणार नाही, हे खरे. पण सुटी लागली की अलिबाग, मुरूड, दापोली गाठणारी नाशिकची कुटुंबे कमी नाहीत. मकरानमधला धक्का कोकणात जाणवेलच असे नाही, म्हणून तेथे अधिकृत इशाऱ्यावरच भिस्त असणार. समुद्र अचानक मागे हटलेला दिसला, तर मात्र इशाऱ्याचीही वाट न पाहता उंच जागा गाठलेली बरी.

कामचात्काच्या भूकंपानंतर जपानमध्ये लाखो लोकांना सुरक्षित जागी जाण्यास सांगितले गेले आणि तेथील सर्वांत मोठी लाट दीड मीटरच्या आतच राहिली, तेव्हा ‘फुसका बार’ अशी टिंगल आपल्याकडेही झाली. ती मला पटत नाही. भरतीच्या साध्या लाटेसारखे हे पाणी लगेच ओसरत नाही, ते कित्येक मिनिटे आत शिरतच राहते आणि गुडघाभर खोलीतही माणसाला ओढून नेऊ शकते. शिवाय पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही. तासन् तास लाटा येत राहतात. रशियाच्याच कुरील बेटांवरील सेवेरो-कुरिल्स्क गावाच्या बंदरात त्याच दिवशी पाणी घुसले, हेही विसरू नये.

म्हणून विनंती अशी की, अशा बातमीच्या पहिल्याच चौकटीत भूकंपाची खोली, प्लेट कशी सरकली याविषयीची प्राथमिक माहिती, तीव्रतेचा आकडा कोणत्या वेळेचा आहे, आणि ‘इन्कॉइस’च्या सूचनेत भारतीय किनाऱ्याविषयी नेमके काय म्हटले आहे, हे द्यावे, आणि इशारा मागे घेतला गेला, तर ती बातमी आतल्या पानावर दोन ओळींत न उरकता, इशारा जेथे छापला होता तेथेच छापावी.

आपला,
एक नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक