थरार हवा, रक्तपात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'थरारक' म्हणून ज्या सिनेमांची शिफारस होते, ते आम्ही घरी बघायला बसलो की पहिल्या दहा मिनिटांतच कुणाची तरी कवटी फुटलेली असते. सासूबाई उठून आत जातात, मुलगा मोबाईलमध्ये डोकं घालतो आणि मी डोळ्यांवर हात ठेवते. रहस्यपट बघताना डोळ्याचं पातं लवता कामा नये, आणि इथे तर डोळेच मिटून घ्यावे लागतात!

राजा परांजपेंचा 'पाठलाग' (१९६४) घ्या. नायकाची बायको वारलेली आहे आणि एक आरोपी बाई कोर्टात उभी राहून म्हणते, 'मीच यांची बायको.' नवरा-बायकोतल्या खासगी गोष्टीही तिला ठाऊक. तेवढ्यावर माणूस जागचा हलत नाही. त्याचीच कथा घेऊन दोन वर्षांनी हिंदीत 'मेरा साया' आला. (आणि 'पाठलाग'मधलं ते डोळ्यांच्या पाखरांचं गाणं आपल्या सांगलीत जन्मलेल्या आशाताईंचं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.) 'कानून' या हिंदी रहस्यपटात तर १९६० साली एकही गाणं नव्हतं. 'एक रुका हुआ फैसला' म्हणजे एका खोलीत खटल्याच्या निकालावरून भांडणारे बारा जण, बस्स. खून आधीच झालेला, आपल्याला दिसतात ते त्यांचे घामेजलेले चेहरे.

रहस्यपटांचे दिग्दर्शक हिचकॉक यांनी या थराराचं गणितच मांडलं होतं. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाने तो पंधरा सेकंद दचकेल. माहीत असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही तो पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकेल. त्यांच्या 'सायको'त सुरीने खून आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे. पण तो कृष्णधवल आहे, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलंय आणि सुरीचे घाव बरेचसे आपणच मनात भरून घेतो. तरी माझ्या सासूबाईंना तो दाखवायचं धाडस मी करणार नाही.

स्पीलबर्ग यांच्या १९७१ सालच्या 'ड्युएल'ला मात्र सासूबाईंनीही खुर्ची सोडली नाही. एक साधा माणूस गाडीने ट्रकला ओव्हरटेक करतो आणि मग तो ट्रक त्याची पाठ सोडत नाही. ड्रायव्हरचा चेहरा शेवटपर्यंत नीट दिसत नाही. ऊस हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या दोन ट्रॉल्यांमागे अडकलेल्या सांगलीकराला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही.

रंगमंचावर मरण, युद्ध प्रत्यक्ष दाखवू नये, ते पात्रांच्या बोलण्यातून कळावं, असं भरताच्या नाट्यशास्त्रातच म्हटलंय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे 'सीता स्वयंवर' केलं, त्या सांगलीच्या प्रेक्षकाला न दाखवलेलं बघता येतं, एवढा विश्वास लेखक-दिग्दर्शकांनी ठेवायला हरकत नाही. हिंसा सिनेमात नसावीच, असं माझं म्हणणं नाही. युद्धपटात ती येणारच. पण कथेत जीव नसला की रक्ताचे फवारे उडवायचे, ही पळवाट आता फार झाली.

आपल्याला एक विनंती. सेन्सॉर बोर्डाने आता यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांच्या) प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांपुढील असे तीन गट केले आहेत. परीक्षणात स्टार देताना सिनेमा त्यातल्या कोणत्या गटात आहे आणि मारहाण-रक्तपात किती आहे, एवढी एक ओळ छापाल का? शेवट तेवढा फोडू नका. मागच्या महिन्यात तो आपल्या परीक्षणातच कळला आणि आमची तिकिटं आधीच काढून झाली होती.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली