कपाटातला जी.एम. काउंटर : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : विदर्भातील ग्रामीण महाविद्यालयांतील भौतिकशास्त्राची रिक्त पदे भरण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका कापूस पिकवणाऱ्या घरातला माणूस. नोकरीची सारी वर्षे गॅमा किरण आणि क्ष-किरण खगोलशास्त्रात, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उच्च ऊर्जेच्या किरणांवर, संशोधन करून निवृत्तीनंतर गावी परतलो आहे. या कामाची सुरुवात ज्या प्रयोगशाळेत झाली, तिथे आज शिकवायला पूर्णवेळ माणूस नाही, म्हणून आपल्याला हे पत्र लिहीत आहे.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी एका संध्याकाळी कपाटातून जी.एम. काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारे गायगर-म्युलर उपकरण, काढला. जवळपास कुठलाही किरणोत्सारी नमुना ठेवलेला नव्हता, तरी काउंटर टकटक करत होता. "हे कुठून येत आहे?" एवढेच सरांनी विचारले आणि उत्तर न देता आम्हाला दर मिनिटाचे आकडे वहीत लिहायला बसवले. त्यातले काही ठोके जमिनीतल्या आणि भिंतींतल्या नैसर्गिक किरणोत्साराचे होते व काही अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचे, हे नंतर कळले. परंतु आकड्यांनी वही भरता भरता त्याहून मोठी गोष्ट हाती लागली : शंभर ठोके मोजले तर दहाएक ठोक्यांचा चढउतार आपोआपच होत असतो, आणि आपण जे शोधतो ते त्या चढउताराच्या वर स्पष्ट दिसले तरच ते खरे मानायचे. पुढे आयुष्यभर मी हेच करत आलो.

पचमढी आपल्याकडच्या माणसाला महादेवाच्या यात्रेमुळे ठाऊक असते. चौरागडाकडे त्रिशूळ घेऊन निघालेली माणसे मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली आहेत. त्याच पचमढीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने गॅमा किरणांच्या शोधासाठी दुर्बिणी उभारल्या, पुढे त्यांची संख्या २५ झाली, आणि मी तिथे अनेक हिवाळे काढले. गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. वातावरणाच्या वरच्या थरात ते हवेवर आदळतात, तिथून कणांचा वर्षाव सुरू होतो आणि त्या कणांमुळे निळसर प्रकाशाची एक झलक उमटते, जी सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतीच टिकते. ती टिपायला निरभ्र आणि चंद्र नसलेली रात्र लागते. महाशिवरात्र अमावास्येच्या आदल्या रात्रीची, त्यामुळे यात्रेकरू डोंगर चढत असत तेव्हा आम्हीही दुर्बिणींजवळ जागेच असू.

खरी अडचण अशी, की अशा झलकांपैकी बहुतेक सगळ्या गॅमा किरणांच्या नसून विश्वकिरणांतल्या प्रोटॉनांच्या असतात. म्हणून १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा अवशेष असलेल्या क्रॅब तेजोमेघावर ठरावीक वेळ दुर्बिणी रोखायच्या, मग तितकाच वेळ रिकाम्या आकाशाच्या तुकड्यावर रोखायच्या, आणि दोन्ही मोजण्यांची वजाबाकी करायची. सुपात घोळून खडे निवडावेत तसे हे काम आहे, फक्त इथे खड्यांचे ढीग असतात आणि दाणा एखादाच. सरांच्या वहीतला चढउतार मला माहीत नसता, तर त्या वजाबाकीचा अर्थ मला लावता आला नसता.

क्ष-किरणांचीही हीच अडचण, तेही हवेत शोषले जातात. त्यामुळे १९६२ साली रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉकेटवर उपकरण चढवले, तेव्हा सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत सापडला. त्या क्षेत्रातल्या पायाभूत कार्यासाठी जियाकोनींना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात हैदराबादहून उपकरणे बलूनमधून वर पाठवण्यापासून सुरू झालेले काम २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट या भारताच्या खगोलनिरीक्षण उपग्रहाच्या उड्डाणापर्यंत पोहोचले. लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४,३०० मीटर उंचीवर भाभा अणुसंशोधन केंद्राची गॅमा किरणांसाठीची २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण उभी आहे, आणि १ जानेवारी २०२४ रोजी क्ष-किरणांचा अभ्यास करणारा एक्सपोसॅट उपग्रहही अवकाशात गेला.

महोदय, आता मूळ मुद्द्याकडे येतो. ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात, आणि गॅमा किरण टिपणाऱ्या अमेरिकेच्या फर्मी उपग्रहाची माहितीही कोणालाही उतरवून घेता येते. मागच्या पावसाळ्यात आमच्या भागातली तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मोबाइलवर अशीच माहिती उतरवून माझ्याकडे आली. तिने आलेख काढला होता, पण त्यातला चढउतार आणि स्रोत वेगळा कसा ओळखायचा हे तिला कोणीच सांगितलेले नव्हते. तिच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे पूर्णवेळ पद निवृत्तीनंतर भरलेले नाही. तासिका तत्त्वावरचे एकच शिक्षक तिन्ही वर्षांचे वर्ग घेतात. प्रयोगशाळा परिचराचे पदही रिक्त असल्याने कपाटाला कुलूप आहे. त्या शिक्षकांना मी भेटलो आहे. ते मनापासून शिकवतात. पण वर्षभर तासांच्या हिशेबावर जगणाऱ्या माणसाने संध्याकाळी थांबून मुलांसमोर काउंटर काढावा, ही अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करू?

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चौथ्या वर्षी संशोधनासह पदवी घेता येणार आहे. ग्रामीण महाविद्यालयातल्या मुलीला हा पर्याय कागदावर मिळेल, परंतु मार्गदर्शकच नसेल तर तिला नागपूर किंवा पुणे गाठावे लागेल, आणि ज्या घरात कापसाच्या भावावर वर्षाचा खर्च ठरतो तिथून हे बहुधा घडणार नाही. पेंचच्या महाराष्ट्रातील व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे कृत्रिम उजेडापासून रात्रीचे आकाश जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, याचा मला अभिमान वाटतो. त्या आकाशाखाली वाढणाऱ्या मुलांना ते वाचायला शिकवण्याची जबाबदारी मात्र आपल्या खात्याची आहे.

माझी विनंती एवढीच, की विदर्भातल्या ग्रामीण अनुदानित महाविद्यालयांतील भौतिकशास्त्राची पूर्णवेळ पदे आणि त्यांच्याबरोबर प्रयोगशाळा परिचरांची पदे येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत भरावीत, आणि कोणते पद कधीपासून रिक्त आहे याची महाविद्यालयनिहाय यादी जाहीर करावी.

तोवर त्या मुलीला आणि तिच्या वर्गाला मी दर शनिवारी विनामूल्य शिकवणार आहे. तशी परवानगी महाविद्यालयाला मागितली आहे. मात्र माझे येणे हे पद भरल्यासारखे समजू नये.

आपला नम्र,
एक निवृत्त खगोलशास्त्रज्ञ
ता. दारव्हा, जि. यवतमाळ