टोरांटोचं वाचन आव्हान आणि आपलं वाचनालय

टोरांटो

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

इथल्या ग्रंथालयाचं वर्षभराचं वाचन आव्हान कसं चालतं, हे तुम्हाला आपल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे मांडायचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

टोरांटो पब्लिक लायब्ररीच्या शहरभर 100 शाखा आहेत. शहरात राहणाऱ्याला वर्गणी नाही, अनामत नाही आणि 2022 पासून मोठ्यांनाही उशिराचा दंड नाही. ग्रंथालय वर्षासाठी 12 विषयांची यादी देतं. प्रत्येक विषयात बसणारं एक पुस्तक 31 डिसेंबरपर्यंत वाचायचं. ज्यांची भूक मोठी त्यांच्यासाठी आणखी 12 विषय.

सगळी गंमत विषयांत आहे. नुसतं ‘वर्षात 50 पुस्तकं’ म्हटलं की माणूस बारकी पुस्तकं शोधतो आणि रोजच्या कपाटापुढून हलत नाही. विषय दिला की कादंबरी वाचणारा विज्ञानाच्या कपाटाशी जातो. आणि हे झेपणारं आहे. पुस्तक सरासरी 250 पानांचं धरलं तर बारांची 3000 पानं, म्हणजे रोज सव्वाआठ.

तरी लोक गळतात. मुख्य कारण नंबर लावण्याचं, म्हणजे दुसऱ्याकडे गेलेल्या पुस्तकासाठी रांगेत नाव घालण्याचं. उत्साहात पहिल्याच आठवड्यात बाराही पुस्तकांना नंबर लावला की मार्चमध्ये पाच एकदम हातात येतात. मुदत 21 दिवसांची. मागे कुणी रांगेत असेल तर वाढवून मिळत नाही, मग न वाचताच परत करावी लागतात. म्हणून एका वेळी तीनच नंबर लावावेत: एक बारीक, एक जाड आणि एक असं, ज्याला रांगच नाही. ई-पुस्तकांच्या लिबी ॲपवर पाळी आली की 72 तासांत घ्यावं लागतं, पण ‘नंतर द्या’ म्हटलं तर ते पुढच्याला जातं आणि आपली जागा टिकते. ही सोय आपल्या नंबरवहीतही करता येईल. नावापुढे ‘पुढच्या खेपेला’ एवढं लिहिलं की झालं.

आता आपल्याकडचं. यादी जाहीर करण्याआधी प्रत्येक विषय दाखल नोंदवहीशी, म्हणजे वाचनालयातल्या सगळ्या पुस्तकांच्या क्रमवार यादीशी, ताडून पाहा. निदान 10 पुस्तकं निघाली नाहीत तर तो विषय सोडा. एका प्रतीची मुदत 15 दिवसांची धरली, तर ती वर्षात जेमतेम 24 जणांच्या हातात जाते. ‘स्वातंत्र्यापूर्वीचं स्त्रीचं आत्मचरित्र’ ऐकायला छान, पण कपाटात तीनच असतील. ‘तुमच्या जन्माआधी छापलेलं’, ‘दुसऱ्या भारतीय भाषेतून मराठीत आलेलं’, ‘आपल्या जिल्ह्यातल्या लेखकाचं’, ‘नाटक’, ‘ग्रंथपालांनी काढून दिलेलं’ असे विषय ठेवा. शेवटचा तर हवाच. त्या निमित्ताने देवघेवीच्या टेबलाशी बोलणं होतं. प्रत्येक सभासदाला विषयागणिक एक चौकोन असलेलं कार्ड द्यायचं, त्यात दिवाळी अंकालाही एक चौकोन द्या, नाहीतर दिवाळीनंतरचे दोन महिने लोक अंकच वाचतात आणि कार्ड तसंच पडून राहतं.

वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च धरावं असं मला वाटतं. नव्या वर्गणीबरोबरच कार्ड देता येईल, आणि मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-तीन चौकोन सहज उरकता येतील.

कार्ड पोस्टकार्डाएवढं: आडवे चार, उभे तीन चौकोन. एकेक चौकोन साडेतीन सेंटिमीटर रुंद, तेवढ्यात पुस्तकाचं नाव मावत नाही. दाखल क्रमांक आणि तारीख लिहा, वर शिक्का. गुळगुळीत चकचकीत कागद घेऊ नका, त्यावर शिक्क्याची शाई वाळत नाही आणि खिशात घातलं की पसरते. साधा जाड कार्डशीट घ्या. कार्डं हरवतातच, म्हणून एका वहीत प्रत्येक सभासदाला एक पान देऊन तीच नोंद तिथेही ठेवा.

एक नियम पहिल्या दिवशीच फलकावर लावा: एक पुस्तक एकाच चौकोनात. अनुवादित नाटक कशात धरायचं, हे सभासदानेच ठरवावं, पण शिक्का पडला की बदल नाही. अर्धवट सोडलेलं पुस्तक मात्र निःसंकोच बदलून द्या. ते कार्डावर चढत नाही, म्हणून कुणी महिनाभर त्यातच अडकून बसायला नको.

विषयांची कच्ची यादी झाली की फोटो पाठवा, मी लगेच पाहीन. आईला नमस्कार.

तुमची,
सई