मंत्रिमहोदय, विश्वविजयाचा पाठ घेतला म्हणून माझ्याकडे खुलासा मागितला आहे

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या एका शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग एकाच खोलीत शिकवणारी प्राथमिक शिक्षिका आहे. आम्हा कर्मचाऱ्यांना 1967 चे वर्तणूक नियम लागू असल्यामुळे या पत्राखाली माझे नाव नाही, याबद्दल आपण राग मानू नये. गेल्या आठवड्यात मला कार्यालयाचे एक पत्र मिळाले. इंग्रजीच्या तासिकेत पाठ्यपुस्तकाबाहेरील क्रिकेटविषयक मजकूर का शिकवला आणि वर्तमानपत्रांची कात्रणे चिकटवून वर्गाची भिंत का विद्रूप केली, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल, असा त्याचा आशय आहे. पत्राला जावक क्रमांक आहे, शिक्का आहे, सही आहे. शिक्षण खात्याकडून इतके नीटनेटके आणि इतक्या वेळेत आलेले दुसरे पत्र मला आठवत नाही.

वेळेत न आलेल्या गोष्टींबद्दलही सांगते. भारताच्या महिला क्रिकेट संघाने विश्वचषक जिंकल्यानंतर आमच्या तालुक्यात जो सत्काराचा आणि भाषणांचा कार्यक्रम झाला, त्यात व्यासपीठावरून जाहीर करण्यात आले होते की प्रत्येक शाळेतील मुलींना खेळाचे साहित्य मिळेल आणि या खेळाडूंच्या कथा सोप्या इंग्रजीतून मुलांच्या हाती पुस्तिकारूपाने दिल्या जातील. टाळ्या झाल्या, माझ्याही झाल्या. साहित्य आले नाही आणि पुस्तिकाही आल्या नाहीत, म्हणून त्या पुस्तिकांचे काम मी माझ्या वर्गाच्या भिंतीवर केले, आणि नेमक्या त्याच कामाचा आता खुलासा द्यायचा आहे.

काय केले ते सविस्तर लिहिते, कारण शाळा तपासायला भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांना ते ऐकायला वेळ नव्हता. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवले. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला होता आणि मध्यरात्रीपर्यंत चालला, तरी माझ्या वर्गातली बरीच मुले जागी होती. दिवाळीची सुटी संपून शाळा भरली तेव्हा एरवी इंग्रजीच्या तासाला खाली मान घालून बसणारी मुले ‘रनआउट’, ‘कॅच’, ‘ओव्हर’, ‘नॉट आउट’ हे शब्द एकमेकांच्या अंगावर फेकत होती. ज्या भाषेला ही मुले घाबरतात असे आपण अहवालांत वाचतो, ती भाषा त्यांच्या तोंडात आधीच होती. तिला फक्त क्रियापद हवे होते.

मी फळ्यावर तीन वाक्ये लिहिली : ‘वुई लॉस्ट इन 2005. वुई लॉस्ट इन 2017. वुई वन इन 2025.’ पहिले सेंच्युरियनचे, जिथे अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्याला 98 धावांनी हरवले; दुसरे लॉर्ड्सचे, जिथे इंग्लंडकडून अवघ्या नऊ धावांनी हार झाली; आणि तिसरे परवाचे. भूतकाळाची अनियमित रूपे पाठ करून घेताना आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे घसा कोरडा करतो. या तीन वाक्यांनी ती रूपे एका तासात बसली, कारण मुलांना हरल्याचेही माहीत होते आणि जिंकल्याचेही. पुढच्या तासाला याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याविरुद्ध लागोपाठ तीन सामने गमावूनही संघ अंतिम फेरीत कसा आला, ते ‘फर्स्ट’, ‘देन’, ‘आफ्टर दॅट’ वापरून सांगायला लावले. वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली एक मुलगी उभी राहिली आणि उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जने किती धावा केल्या ते ‘वन हंड्रेड ट्वेंटी सेव्हन नॉट आउट’ असे एका दमात म्हणाली.

आकड्यांबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण हा भाग मंत्रालयातून दिसत नाही. मराठीत आपण अठ्ठ्याण्णव म्हणताना आठ आधी आणि नव्वद नंतर उच्चारतो, इंग्रजीत क्रम उलटा आहे, त्यामुळे तिसरीतली मुले ऐकलेला ‘नाइंटी एट’ हमखास 89 लिहितात. (हाच क्रम सुधारण्यासाठी काही वर्षांपूर्वी गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आले होते आणि त्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, हे आपल्याला आठवत असेल.) भारताच्या 298 धावा, दक्षिण आफ्रिकेच्या 246, शफाली वर्माच्या 87, दीप्ती शर्माच्या 58 आणि वर तिचे पाच बळी, हे मी इंग्रजीत वाचायचे आणि मुलांनी धावफलक भरायचा, असा खेळ आम्ही केला. चुकीचा आकडा लिहिला की भारत हरायचा, म्हणून चुका भराभर कमी झाल्या. इंग्रजी वर्तमानपत्रातला धावफलक तर एखाद्या कोड्यासारखा असतो : ‘सी’ म्हणजे कोणी झेल घेतला, ‘बी’ म्हणजे कोणाच्या चेंडूवर. दक्षिण आफ्रिकेचा शेवटचा गडी डी क्लर्क हरमनप्रीत कौरच्या हाती दीप्ती शर्माच्या चेंडूवर बाद झाली, हे एका ओळीतून उलगडून पूर्ण वाक्यात सांगणे, याला आपल्या कागदांच्या भाषेत अध्ययन निष्पत्ती म्हणतात असा माझा समज आहे. अमनजोत कौरच्या हातून निसटत निसटत अखेर तिने टिपलेला दक्षिण आफ्रिकेची कर्णधार वोल्वार्ट हिचा झेल मुलांनी शाळेच्या अंगणात करून दाखवला आणि करता करता मोठ्याने इंग्रजीत सांगितला. लहान मुले शब्द आधी शरीराने शिकतात; पंचाचे हात पसरले की ‘वाइड’ आणि बोट वर गेले की ‘आउट’ हे त्यांना कोणी पाठ करायला लावलेले नाही.

आता आक्षेपाकडे वळते. ‘पाठ्यपुस्तकाबाहेरील’ हा शब्द ज्यांनी लिहिला त्यांनी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 चा परिच्छेद 4.8 वाचलेला नसावा. खेळाची इतर विषयांशी सांगड घालून शिकवावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. या धोरणाच्या नावाने आमची प्रशिक्षणे झाली, त्यांची उपस्थितिपत्रके भरली, छायाचित्रे ऑनलाइन चढवली. प्रशिक्षणात जे करा म्हणून सांगितले, ते वर्गात केले की खुलासा मागायचा, हीच जर पद्धत असेल तर तीही एकदा शासन निर्णयाने जाहीर करावी, म्हणजे आमचा गोंधळ होणार नाही.

क्रिकेटच का, असाही प्रश्न मला विचारण्यात आला. 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत मिळवलेल्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले होते. त्या वेळीही आम्ही ‘ही वेटेड, ही एम्ड, ही फायर्ड’ असे धडे केले होते आणि 451.4 या गुणांतला दशांश इंग्रजीत वाचला होता. तेव्हा कोणी भेटीला आले नाही, म्हणून तो गुन्हा नोंदवायचा राहून गेला.

त्या दिवशी मुलांसमोर मला विचारले गेले, ‘मॅडम, तुम्ही इंग्रजी शिकवता की कॉमेंट्री करता?’ मुले हसली, कारण साहेब हसले. महोदय, नोटीस मी सहन करीन, नोटिशींची आम्हाला सवय आहे. पण ज्या वर्गासमोर मी दररोज उभी राहते त्या वर्गासमोर झालेला हा अपमान कोणत्या नमुन्यात भरून पाठवायचा, ते मला कोणी सांगितलेले नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवरची कात्रणे काढायला लावण्यात आली. इंग्रजी वर्तमानपत्र आमच्या गावात येत नाही. तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने येताना मी ते माझ्या पैशांनी आणत होते.

मी स्वतः इंग्रजी पाचवीत शिकायला लागले आणि तेही अशा शिक्षकांकडून, ज्यांना ती भाषा बोलण्याची भीती वाटत होती. पहिलीपासून इंग्रजी हा निर्णय 2000 मध्ये राज्यभर लागू झाला, तेव्हा माझ्यासारख्या हजारो शिक्षकांवर ती भाषा शिकवण्याची जबाबदारी आली. आम्ही ती पेलण्यासाठी रात्री बसून उच्चार घोकले, मुलांसमोर चुकू नये म्हणून घरात आरशासमोर बोललो. माझ्या शाळेत मंजूर पदांपैकी एक रिक्त आहे. दिवसभरात दोन इयत्ता, पोषण आहाराच्या नोंदी, यूडायसवर शाळेची ऑनलाइन माहिती भरणे, आधारची दुरुस्ती, विद्यार्थ्यांचे अपार ओळख क्रमांक आणि त्यावर मतदार याद्यांचे काम, एवढे करून उरलेल्या वेळात मी इंग्रजी शिकवते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे, पण ते ‘वगळता’च इतके फुगले आहे की कलम शोधावे लागते. बहुधा मी फार लिहिते आहे. ज्याला वर्षानुवर्षे फक्त माहिती मागितली जाते आणि मत कधीच विचारले जात नाही, त्याचे असेच होते.

राज्य सरकारने स्मृती मानधना, जेमिमा रॉड्रिग्ज आणि राधा यादव यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये दिले आणि क्रिकेट मंडळाने संघाला 51 कोटी जाहीर केले. त्या मुलींनी ते कमावले आहेत, त्यातला एक रुपयाही कमी व्हावा असे मला वाटत नाही. पण एक हिशेब मांडते. जिल्हा परिषदेच्या शाळा साठ हजारांच्या आसपास आहेत. आठवड्यातून एकदा एक इंग्रजी वर्तमानपत्र प्रत्येक शाळेला दिले, तर वर्षाला शाळेमागे तीनशे रुपयांहून अधिक लागू नयेत, म्हणजे सगळ्या राज्याचा खर्च एका खेळाडूच्या बक्षिसापेक्षा कमी. हा हिशेब मी फळ्यावर खडूने केला आहे, वित्त विभागाने तपासून पाहावा. चुकला असेल तर दुरुस्त आकडा कळवावा, कारण आपल्या खात्यात आकड्यांचा तोटा नाही.

2025 मध्ये पहिलीच्या मुलाने किती भाषा शिकाव्यात यावरून राज्य पेटले होते. एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला, जूनमध्ये दुसरा निघाला आणि 29 जूनला दोन्ही मागे घेण्यात आले. त्या सगळ्या महिन्यांत, जी एक परकी भाषा पंचवीस वर्षे शिकवली जात आहे ती मुलांना येते का आणि येत नसेल तर का येत नाही, हा प्रश्न कोणत्याही बाजूने विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. आणि तोच प्रश्न रोज सकाळी आमच्या गावात पिवळ्या व्हॅनमध्ये बसून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. आमचा पट घटतो, वीसहून कमी पटाच्या पंधरा हजारांच्या आसपास शाळांची यादी निघते, लहान शाळा एकत्र करण्याची समूह शाळांची योजना निघते, आणि पट का घटला याचा खुलासाही आम्हीच द्यायचा असतो. पालक व्हॅनकडे वळतात ते मुलाने चार वाक्ये इंग्रजीत बोलावीत म्हणून. ती चार वाक्ये माझ्या वर्गात मुले बोलू लागली होती.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. हे पत्र मागे घेण्यात यावे आणि वर्गात येऊन शिक्षकाला मुलांसमोर कसे बोलावे, याचे प्रशिक्षण भेटी देणाऱ्यांनाही द्यावे. देशाच्या खेळाडूने मोठे यश मिळवले की पंधरा दिवसांच्या आत सोप्या इंग्रजीतले एक पान राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शाळांना पाठवावे. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते, त्यातही अशा पानाला जागा होऊ शकेल. तालुक्याच्या कार्यक्रमात जाहीर झालेल्या साहित्याचे काय झाले, हेही कोणी शोधून कळवले तर बरे होईल, पण त्यासाठी मी तीन दिवसांची मुदत घालत नाही.

महिलांचा पुढचा टी-20 विश्वचषक 12 जून 2026 पासून इंग्लंडमध्ये सुरू होत आहे आणि आमच्या शाळा त्याच सुमारास उघडतील. अंतिम सामना 5 जुलैला लॉर्ड्सवर आहे. कात्रणे जमवायची की नाहीत, आणि जमवली तर ती भिंतीवर लावायची की दप्तरात लपवून ठेवायची, याविषयी खात्याचा निर्णय त्यापूर्वी लेखी कळवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका