परभणीच्या उस्तादांस : गाडीची रेस बसवून दिल्याबद्दल जाहीर आभार

आदरणीय उस्ताद,

सप्रेम नमस्कार.

माझ्या शंभर सीसीच्या जुन्या मोटारसायकलची रेस, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू राहण्याचा वेग, तुम्ही बसवून दिलीत, त्याला आता एक पावसाळा उलटला. रेल्वे फाटकापाशी, सिग्नलला किंवा पेट्रोलपंपाच्या रांगेत गाडी उभी केली, तरी ती न अडखळता, न गुरगुरता चालू राहते. त्याबद्दल तुमचे आभार तुमच्या दुकानी येऊन मी मानले आहेतच. तरीही हे पत्र जाहीर लिहीत आहे, कारण तुम्ही ज्या क्रमाने दोष शोधलात, तो क्रम कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या जुन्या यंत्रणेची, गाडी वापरणाऱ्या आमच्या भागातील कितीतरी लोकांच्या उपयोगी पडणारा आहे. तुमचे नाव छापू नये, ही तुमची अट पाळली आहे.

तुमच्याकडे येण्यापूर्वी गाडीची अवस्था अशी होती की, रस्त्यावर वेगात ती उत्तम पळत असे, परंतु ॲक्सिलरेटर सोडला की आवाज खालीवर होऊन ती बंद पडत असे. थंड असताना चोकवर ठीक चालायची आणि गरम होऊन चोक काढला की रडायची. गावाकडच्या गॅरेजमध्ये कार्बोरेटर खोलून हवा मारून झाली, प्लग नवा टाकून झाला आणि प्रत्येक वेळी शेवटी रेसचा स्क्रू थोडा आवळून गाडी हाती देण्यात आली. मग ती बंद पडेनाशी झाली खरी, पण गरम झाल्यावर तिची रेस वरच अडकून राहू लागली, गिअर टाकताना खडखडाट होऊ लागला आणि पेट्रोलही जास्त जाऊ लागले. पुढे कोणी कार्बोरेटरच बदला म्हणाले, कोणी इंजिनचे काम निघाले म्हणाले. तेव्हा ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणत गाडी तुमच्या दारात आणून लावली.

तुम्ही सर्वप्रथम तो आवळलेला रेसचा स्क्रू पूर्वीच्या जागी आणलात आणि गाडी पुन्हा बंद पडू दिलीत. मला ते विचित्र वाटले. त्यावर तुम्ही म्हणालात, “गुरुजी, गाडी काय म्हणायली ते आधी ऐकू द्या, पाना मग उचलू.” त्यामागचे कारण तुम्ही काम करता करता सांगितलेत आणि ते मला आजवर कोणी सांगितले नव्हते. उभ्या गाडीला लागणारे पेट्रोल मुख्य जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या मोठ्या छिद्रातून, येत नाही, ते स्लो जेटच्या बारीक वाटेने येते. रेसचा स्क्रू आवळला की कार्बोरेटरमधली स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारी सरकती झडप, वर उचलली जाते, इंजिनला दुसऱ्या वाटेने पेट्रोल मिळू लागते आणि स्लो जेटच्या बाजूचा दोष तसाच झाकला जातो. म्हणजे दोष शोधायचा असेल, तर गाडीला आधी तिच्या खऱ्या अवस्थेत आणावे लागते.

त्यानंतरची तुमची चाचणी इतकी साधी होती की, ती कोणालाही घरी करता येईल. इंजिन चांगले तापलेले असताना तुम्ही चोकची दांडी अर्धीच ओढलीत आणि जी गाडी बंद पडण्याच्या बेतात होती, ती एकदम सुरळीत चालू लागली. चोक ओढल्याने हवा कमी होते. हवा कमी झाल्यावर जर इंजिन सुधारत असेल, तर पेट्रोल तरी कमी पडते आहे किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे. याउलट चोक ओढल्यावर इंजिन गुदमरून बंद पडले असते, तर तुम्ही एअर फिल्टर आणि वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटकडे वळला असता. काढलेल्या प्लगचे टोक पांढुरके निघाले, त्यानेही तेच सांगितले. काजळी धरलेला काळा प्लग जादा पेट्रोलची खूण, पांढरा प्लग जादा हवेची आणि विटकरी रंग असेल तर मिश्रण योग्य, हे तुम्ही तुमच्या दुकानातल्या मुलाला तीन जुने प्लग हातात देऊन समजावलेत. मीही त्याच्या शेजारी उभा राहून शिकलो.

जादा हवा कुठून येते, हे तुम्ही शोधलेत, तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. अनेक जण अशा वेळी सांध्यावर पेट्रोल शिंपडतात. तापलेला सायलेन्सर वीतभर अंतरावर असताना ते करू नये, असे तुम्ही त्या मुलाला बजावलेत आणि इंजेक्शनच्या पिचकारीत साधे पाणी घेतलेत. कार्बोरेटर आणि इंजिनचे हेड (वरचा भाग) यांच्यामधल्या सांध्यावर वरून, डावीकडून, उजवीकडून थेंब सोडलेत, तेव्हा काहीच झाले नाही. मात्र खालच्या कडेला थेंब लागताच आवाज क्षणभर बसला आणि पाणी ओढले जाताच पुन्हा फाटला. तुम्ही तेच तिथे पुन्हा करून दाखवलेत. “इथनं हवा ओढायली,” एवढेच तुम्ही म्हणालात.

सांधा खोलल्यावर आतली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, ज्वारीच्या चिपाडासारखी ताठ आणि चपटी निघाली. नखाने दाबली तरी दबत नव्हती. एवढ्यावर थांबून नवी रिंग टाकली असती, तरी मी समाधानाने घरी गेलो असतो. तुम्ही मात्र सांध्याच्या फ्लँजवर, म्हणजे बोल्टांनी जोडल्या जाणाऱ्या सपाट कडेवर, पट्टी आडवी धरून पाहिलीत आणि दोन्ही बोल्टांच्या बाजूंनी ती वाकल्याचे, मध्ये उजेड दिसत असल्याचे मला दाखवलेत. बोल्ट वारंवार वाजवीपेक्षा जास्त आवळले गेले की ही मऊ धातूची फ्लँज अशी कमानीसारखी होते आणि मग नवी रिंगही फार काळ टिकत नाही. खिडकीच्या जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, त्यावर थोडे तेल टाकून तुम्ही ती फ्लँज गोल गोल घासत राहिलात. सगळा पृष्ठभाग एकसारखा चमकेपर्यंत तुम्ही हात थांबवला नाहीत. गिऱ्हाईक रांगेत उभे असताना असे काम करणारा माणूस विरळा.

स्लो जेटचेही तसेच. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते आणि त्यात तार घालून कोरले की ते कायमचे मोठे होते, म्हणून तुम्ही ते पेट्रोलमध्ये भिजवून, हवा मारून, आभाळाकडे धरून पाहिलेत. मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा शिक्षकांच्या गाड्या उभ्याच राहतात. त्या काळात फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे राहणारा चिकट थर आधी याच छिद्रात बसतो. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीखालचा स्क्रू सैल करावा आणि वाटी रिकामी करावी, हा तुमचा सल्ला मी आमच्या शाळेतील सर्वांना सांगितला आहे. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा धरते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नसते, हेही तुम्ही जोडलेत. इथेनॉल आपल्याच मराठवाड्यातल्या उसाचे असेल, पण त्यामुळे रबराला सवलत मिळत नाही!

गाडी रात्रभर तुम्ही ठेवून घेतलीत, तेव्हा मला वाटले की काम लांबले. टॅपेटचा गॅप, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट, इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायचा असतो, म्हणून ती रात्र हवी होती, हे सकाळी कळले. एक्झॉस्टचा टॅपेट थोडा आवळ निघाला. असा व्हॉल्व्ह इंजिन तापल्यावर नीट बसत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि कार्बोरेटर कितीही साफ केला तरी रेस डळमळतच राहते. फिलर गेजची पाती त्या फटीतून किंचित अडून सरकली पाहिजे, ते अडणे कसे असते हे कळावे म्हणून तुम्ही ती माझ्या बोटांत दिलीत.

मिश्रणाचा स्क्रू तुम्ही अगदी शेवटी हाती घेतलात. तो हलक्या हाताने बंद करून, मोजून बाहेर काढून, तापलेल्या इंजिनवर जिथे आवाज सर्वांत भरीव लागतो तिथे थांबवलात आणि मगच रेसच्या स्क्रूने मिनिटाला 1400 च्या आसपास फेरे ठरवलेत. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर बाहेर काढल्याने हवा वाढते आणि इंजिनच्या बाजूला असेल, तर बाहेर काढल्याने पेट्रोल वाढते, हा भेद तुम्ही सांगितलात. माझ्या अनुभवात तो अनेक कारागिरांना ठाऊक नसतो आणि ते दोन्ही प्रकारच्या गाड्यांचे स्क्रू एकाच दिशेने फिरवत बसतात.

1 एप्रिल 2020 पासून धुराचे बीएस-6 नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकली बहुतेक सगळ्या कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनच्या येऊ लागल्या. नव्या मुलांचा कल दोष दाखवणाऱ्या स्कॅनरकडे असणे स्वाभाविक आहे. पण मानवत, सेलू, पाथरीकडच्या गावांत दूध, खत आणि शाळेची लेकरे अजून कार्बोरेटरच्याच गाड्यांवरून जातात आणि परभणीच्या थंडीत पहाटे त्याच सुरू कराव्या लागतात. म्हणून तुम्ही प्रत्येक पायरीला त्या मुलाला जवळ बोलावत होता, याचे मला माझ्या दुरुस्तीइतकेच अप्रूप वाटले. तुम्ही पैसे घेतलेत ते रिंगचे आणि मजुरीचे. नवा प्लग चांगला आहे म्हणून तोच परत बसवलात आणि जुना कार्बोरेटर बदलण्याचा विषयही काढला नाहीत.

येत्या शनिवारी आमच्या शाळेतील एका सहकाऱ्याची गाडी घेऊन येत आहे. तापल्यावर तिची रेस वर अडकते. अर्धा चोक ओढून पाहिला आहे, आवाज सुधारतो. रेसच्या स्क्रूला कोणाला हात लावू दिलेला नाही. टॅपेट थंड इंजिनवर पाहता यावेत, म्हणून गाडी संध्याकाळीच तुमच्या दुकानी लावून मी बसने परत जाईन.

आपला कृतज्ञ,
एक प्राथमिक शिक्षक,
तालुका मानवत, जिल्हा परभणी