याएल आणि कोरेश कुठे आहेत?

बायबलच्या जुन्या करारात देवाचा न्याय राजे आणि संदेष्टेच अमलात आणतात, हे रविवारच्या पुरवणीतील लेखातले विधान पटले नाही. त्यातल्या ‘शास्ते’ या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात इस्राएलच्या शत्रूचा, ९०० लोखंडी रथांचा सेनापती सीसरा मरतो तो तंबूत राहणाऱ्या याएलच्या हातून, ती केनी कुळातल्या हेबेरची पत्नी. सीसराचा पाठलाग करणारा इस्राएलचा सेनानी बाराक मागाहून पोहोचतो. श्रेय स्त्रीला जाईल, हे संदेष्टी दबोराने त्याला आधीच बजावले होते. आश्रयाला आलेल्याला झोपेत मारणे खटकते, मलाही. पण पुढच्याच अध्यायातील गीत तिला धन्य म्हणते. यहुद्यांना बाबेलहून परतू देणारा पर्शियाचा कोरेश राजा खरा, पण परका. तरी यशया या ग्रंथाच्या ४५व्या अध्यायात तो देवाचा ‘अभिषिक्त’, म्हणजे देवाने निवडलेला, आहे. लेखात या दोघांचा साधा उल्लेखही नाही.

– एक वाचक, पुणे